राखणदाराच्या काठीला पट्टा

माझे बाबा सगुण यांनी डिचोलीच्या खाणींवर आयुष्यभर ट्रक चालवला, स्वतः मात्र कधी चालले नाहीत. त्यामुळे हृदयाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, तेव्हा त्यांना तो अपमान वाटला. खरं म्हणजे ते घाबरले होते. टाके घातलेला माणूस चालला की उसवतो, असं त्यांचं मत.

इस्पितळाने मनगटाला एक पट्टा दिला होता. बाबांचं चालणं आणि ठोके तो पणजीला कळवायचा. तिथली फिजिओथेरपिस्ट तेजस्विनी रोज सकाळी फोनच्या पडद्यावर यायची आणि बजावायची, काका, चालला नाहीत तर हे हृदय पुन्हा थकेल, आणि दुसऱ्यांदा छाती उघडायला कोणी धजणार नाही.

बाबांनी तोडगा काढला. आमच्या गावचा राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, कोणाला न दिसता रात्रभर शीव फिरतो. त्याची घुंगुरकाठी शिवेवरच्या दगडाला टेकवलेली असते. संध्याकाळी बाबा माझ्या स्कूटरवर मागे बसून तिथे आले, पाव आणि विडी ठेवली, पट्टा काठीला बांधला आणि गाऱ्हाणं घातलं.

"तू रोज शीव फिरतंसच. माझ्या वाट्याचा चालणा पण तूच चाल."

गाऱ्हाण्याला कोणीतरी 'व्हय म्हाराजा' म्हणावं लागतं, नाहीतर ते पोचत नाही. तिथे मी एकटाच होतो. म्हटलं.

सकाळी पट्टा घरी आणला. तेजस्विनी खूश. चालणं उत्तम, फक्त ठोके दिसत नाहीत, पट्टा घट्ट बांधा. आम्ही काठीला घट्ट बांधला. दुसऱ्या सकाळी ठोके दिसले. इतके दमदार ठोके तिने बाबांचे कधी पाहिले नव्हते.

बाबांनी पेज बाजूला सारली. आपलं हृदय कोणीतरी वापरतंय म्हणाले आणि मनगट चाचपत बसले. नाडी मलाही सापडली नाही. मला ती कुणाचीच सापडत नाही, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

त्या संध्याकाळी ते पट्टा काठीला पुन्हा बांधायला राजी झाले नाहीत, पण सकाळी घरी आणलेला पट्टा आता घरात नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून दगडापाशी गेलो तर काठीही नव्हती. फोनच्या नकाशावर पट्ट्याचा ठिपका बांधावरून निघाला होता. बांधावर स्कूटर जात नाही. बाबा उतरले.

लख्ख ऊन होतं. पुढे घुंगुर वाजत होते, माणूस दिसत नव्हता. बाबांना दम लागला, ते थांबले. घुंगुरही थांबले. श्वास खाली बसेपर्यंत शिवेवर पानही हललं नाही. मग पुन्हा छुम्.

शिवेचा फेरा संपला तेव्हा काठी पुन्हा त्याच दगडाला टेकलेली होती. पट्टा गरम होता. बाबांनी तो मनगटाला बांधला, तोच फोन वाजला.

ठोके आज जरा अशक्त आहेत, तेजस्विनी म्हणाली. बाबांचा चेहरा खुलला. अशक्त म्हणजे आपलेच. मग तिने विचारलं, चालताना सोबत कोणी असतं का?

"असता."

"वय किती त्यांचं?"

बाबांनी काठीकडे पाहिलं.

"माझ्यापेक्षा मोठो. पण थांबता."