वरच्या फळीवरचे नवे बूट

मी एक जुना लाकडी स्टँड आहे, मित्रांनो, दाराबाहेर चपला ठेवायचा. मीरा रोडच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर उभा असतो. आज जे सांगणार आहे ते सांगताना मला लाज वाटते, पण सांगितल्यावाचून राहवतही नाही.

१९८८ साली पंढरीनाथ आणि शुभदाताई गिरगावातली खोली सोडून इथे राहायला आले. कपाट करून उरलेल्या लाकडातून पेणकरपाड्याच्या आत्माराम सुतारांनी मला बनवलं. तीन फळ्या आणि वर वार्निशचा हात. त्या दिवाळीत माझ्यावर पंढरीनाथांचे चामडी बूट, शुभदाताईंच्या चपलांचे दोन जोड आणि त्यांच्या छोट्या मुलीचे, रुचिताचे, लाल सँडल आले. येणारा-जाणारा माझं कौतुक करी आणि मी फुगून जाई.

घर कसं चाललंय हे मला चपलांवरून कळतं. एक्क्याण्णव साली पंढरीनाथांची अंधेरीची कंपनी बंद पडली. आत भात शिजतच होता, त्याचा वास मला येई. पण माझ्यावर नवं काही आलं नाही. चामडी बुटांना दोनदा तळवे लागले. शुभदाताईंच्या चपलेच्या अंगठ्याला खिळा बसला. रुचिताचे शाळेचे बूट तर इतके आखूड झाले, की ती टाच मोडून ते पायात अडकवू लागली.

समोरच्या हंसाबेनच्या दाराशी जागा नव्हती. त्यांच्या दोन मुलांचे बूट शेजारधर्म म्हणून माझ्या वरच्या फळीवर असत. त्र्याण्णवच्या दिवाळीत ते बूट नवेकोरे आले.

पुढच्या जानेवारीच्या सुरुवातीला मनोरमाबाई नावाच्या एक बाई वही घेऊन आल्या, सोबत आणखी एक बाई होत्या. एका संस्थेतर्फे पाहणी करतोय, एवढंच म्हणाल्या. कशासाठी ते सांगितलं नाही. कारण कळलं की लोक खरं बोलत नाहीत, असा त्यांचा अनुभव असावा. वर्षभरात कपडे आणि चपला-बूट काय काय घेतलं, असं त्यांनी विचारलं. नेमक्या हंसाबेन समोरच्या दारात उभ्या होत्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे शुभदाताईंचं नेहमीचं बोलणं. त्यांनी माझ्या वरच्या फळीकडे बोट केलं.

"घेतले ना. हे बघा, दिवाळीलाच घेतले."

हंसाबेननी आपल्याच मुलांच्या बुटांकडे पाहिलं आणि शेजारणीची लाज राखायला गप्प बसल्या. आईमागे उभी असलेली रुचिता हे सगळं पाहत होती. आणि मी? खरं सांगतो, मला तेव्हा बरं वाटलं. किती दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे नीट पाहत होतं.

जिना उतरताना मनोरमाबाई सोबतच्या बाईंना म्हणाल्या, "ओढाताण असली ना, की माणूस आधी कपडे-चपला बंद करतो, जेवण नाही. इथे तर नवे बूट आलेत. यांना गरज नाही."

हे मी एकट्याने ऐकलं. मला हाक मारता येत नाही.

आठवड्याने तळमजल्याच्या नोटीस बोर्डावर यादी लागली. सव्वीस जानेवारीच्या आधी संस्था ज्या मुलांना गणवेश आणि बूट देणार होती, त्यांची ती यादी. तिच्यात रुचिताचं नाव नव्हतं. शाळेच्या संचलनात ती पहिल्या रांगेत होती. सव्वीस जानेवारीला चालताना तिच्या पायातला बूट निसटला, मागच्या मुली अडखळल्या आणि सरांनी तिला रांगेतून काढून कडेला उभं केलं.

दुपारी ती घरी आली. रोज ती बूट खालच्या फळीवर, मागे सारून ठेवायची. त्या दिवशी तिने ते वरच्या फळीवर, हंसाबेनच्या मुलांच्या बुटांशेजारी ठेवले. शुभदाताई दारातच होत्या.

"आई, पुढच्या वेळी कुणी विचारलं, तर माझे दाखव."

शुभदाताई खाली बसल्या. बुटाची मोडलेली टाच अंगठ्याने सरळ करू लागल्या. ती काही सरळ होईना.

मित्रांनो, पुढे पंढरीनाथांना दुसरं काम मिळालं, रुचिताला बूटही आले. माझं वार्निश आता उडालंय. मला कुणी पुसत नाही, त्याचं वाईट वाटून घेत नाही. तुमच्या दाराशी माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला पुसायला विसरलात तरी चालेल. फक्त त्याच्यावर जे तुमचं आहे, तेच तुमचं म्हणा. मनोरमाबाई आल्या त्या दिवशी माझी वरची फळी रिकामी असती, तर रुचिता पहिल्या रांगेत शेवटपर्यंत चालली असती.