रशिया लागतंय, बारामती न्हाय

तर ऐका, आमच्या सिद्धूची गंमत. सिद्धू कामाला लोणी देवकरच्या फॅक्टरीत, आन् घरी आला की हॅम रेडिओ, म्हंजी घरबसल्या जगाशी बोलायचा बिनतारी सेट! सरकारी लायसन हुतं गड्याकडं, पुण्याला परीक्षा दिऊन काढल्यालं. घरामागं दोन उंच बांबू रोवल्यालं, मधी तांब्याची तार ताणल्याली, ती अँटेना. खोलीत घरी बनवल्याला सेट, आन् सेटला ट्रॅक्टरची बॅटरी. सकाळी सहाला माईक धरला की रशियातला माणूस बोलायचा. इटलीचा एक म्हातारा तर ह्येची वाट बघत बसायचा.

पण बारामती लागत नव्हती!

बारामतीला त्येचा दोस्त झुंबर. रेडिओ दुरुस्तीचं दुकान त्येचं. दोघांनी परीक्षा संगं दिल्याली, सेट संगं बनवल्यालं. एस्टीनं दीड तासाचं अंतर. रोज सकाळी ठरल्या टायमाला दोघं हाका मारत्यात, आन् एकाचं दुसऱ्याला काय बी ऐकू येत न्हाय. सिद्धूनं तार बदलली, जोड बदललं, शेवटी बांबूला बांबू बांधून अँटेना आणखी वर नेली. उंच केली म्हंजी ऐकू येणारच की! तर झालं काय, रशियावाला आणखी मोठ्यानं बोलाय लागला.

गल्लीतली पोरं त्यो दिसला की वरडायची, "ओ रशिया, बारामतीची एस्टी किती वाजता हाय?"

वडील दादासाहेब तर पार वैतागलं. "लेका, रशियात आपलं कोण हाय रं? बारामतीत तुजी बहीण दिल्याली. तितलं एक माणूस तुला लागंना?"

"लागंल की दादा. थोडं दिस..."

"गुरुवारी सुट्टी हाय न्हवं तुला? गुरुवारी लागली तर ऱ्हाऊ दे. न्हाय लागली तर बांबू शेरडांच्या छपराला, आन् बॅटरी माझ्या ट्रॅक्टरला."

झालं! बांबू आन् बॅटरी गेली म्हंजी रेडिओच गेला. सिद्धूनं एसटीडीवरनं झुंबरला फोन लावला. झुंबर म्हणला, "दुकानच उघडत न्हाय त्या दिवशी. सेटपुढनं उठतच न्हाय."

गुरुवारी सहाला सिद्धू बसला. हाक मारली. रशिया आला. हाक मारली. इटलीचा म्हातारा आला, "गुड मॉर्निंग" म्हणला. सिद्धूला त्येच्यावर असला राग आला! घसा बसला, चहा गार झाला, पण झुंबर काय आला न्हाय. मग माईक टाकून गडी भिंतीकडं तोंड करून पडला.

ऊन डोक्यावर आलं तवा दादासाहेब रानातनं आलं. कोयता घेतला, एका बांबूची दोरी तोडली, बांबू आडवा. तार सपकन् येऊन पाचटाच्या छपरावर पडली, पार शेरडांच्या डोक्यावर. सिद्धू उठला. आता बॅटरी तरी आपणच सोडावी म्हणून सेटजवळ गेला, तर...

"सिद्धू! आरं सिद्धू, झुंबर बोलतोय! ऐकू येतंय का?"

इतकं स्वच्छ, जणू शेजारच्या घरातनं!

"येतंय! येतंय की!" सिद्धू किंचाळला. दादासाहेब कोयत्यासकट आत.

"कोण हाय?"

"बारामती, दादा!"

"दे हिकडं, मला बोलू दे."

"न्हाय दादा, तुमास्नी लायसन न्हाय."

"बांबू माझं, बॅटरी माझी, आन् लायसन तुजं व्हय रं?"

तवर झुंबर विचारतोय, "लका, केलंस तरी काय?"

"अँटेना पाडली."

"आं?"

"दादांनी पाडली. छपरावर पडलीया."

मग झुंबर म्हणला, "मग मी बी पाडू का माझी?"

आता सांगा, काय सांगायचं? आजवर हाका मारल्या त्या सकाळी सहाला, आन् आता तर दुपार. टायमानं लागलं का तार खाली आल्यानं? टायमानं असंल तर बांबू परत हुबा करायचा. तारंनं असंल तर बांबू नकोच. आन् उंच नेल्यावर लांबचं जवळ आलं, खाली पाडल्यावर जवळचं जवळ आलं, ह्ये कुठलं गणित?

दादासाहेब दाराबाहेर गेलं, दुसऱ्या बांबूच्या दोरीला कोयता लावून हुबं. "लागली न्हवं बारामती? मग ह्यो बी पाडतो. आणखी चांगली लागंल!"

"थांबा, दादा!"

"पाडू का?" सेटमधनं झुंबर.

"तू बी थांब!"

दोघं बी थांबलं. सिद्धू मधी माईक धरून हुबा, आन् टायमानं लागलं का तारंनं, ह्ये कळंस्तवर कुणाला हलू देईना.