वर्ग नसलेली पत्रं

शिक्षक म्हणून निवृत्त झाल्यावर शाळेतल्या मुलांना मला पत्रं लिहिता यावीत म्हणून मी इंटरनेटवर एक पान तयार केलं. पायथॉन ही संगणकाची भाषा साठीनंतर शिकलो, त्यामुळे पान चालवणारी स्क्रिप्ट माझीच. शाळेत होती तोवर मुलं लिहायची. ती बाहेर पडली, आणि गेली दोन वर्षं पानावर एकच ओळ: ‘नवीन पत्र नाही.’

माझी पुतणी प्रोग्रामर; पान तिच्याच सर्व्हरवर. ती फोनवर म्हणाली, “काका, उद्या बंदच करून टाकते ते पान. रोज उघडून बघता आणि दिवसभर तोंड पाडून बसता.”

“माझं तोंड जन्मापासून असंच आहे.”

“काकू होती तेव्हा नव्हतं.”

मी फोन ठेवला.

बंद होण्याआधी निरोपाचे चार शब्द लिहावेत म्हणून मीच पत्राचा फॉर्म उघडला. नाव आणि मजकूर भरला. ‘वर्ग’ रिकामा सोडला. मला आता कुठला वर्ग? पत्र पाठवलं. पान म्हणालं, ‘नवीन पत्र नाही.’

पुतणीला पुन्हा फोन लावला.

“दाखवण्याआधी काय तपासता?” तिनं विचारलं.

“पायथॉनचं हॅझॲट्र. पत्राच्या ऑब्जेक्टला मजकूर आहे का, एवढंच.”

“मजकूर नुसता साठवलेला असतो, की मागितल्यावर तयार होतो?”

“तयार होतो. शेवटी मुलाच्या वर्गाचं नाव जोडतो ना मी.”

“मग तपासणी काढा. सरळ मजकूर मागा, बघू काय ओरडतंय.”

मागितला. लाल ओळ आली: वर्गच नाही, तर त्याचं नाव कुठून आणू? मुलांना मी हे असं सांगितलं असतं. आपण दार वाजवून विचारलं, कोणी आहे का? आतला माणूस उठला आणि येताना अडखळून पडला. दार उघडलं नाही, म्हणून आपण घर रिकामं समजून परत फिरलो. हॅझॲट्रनं आतलं ते पडणं गिळून टाकलं होतं आणि मला नुसतं ‘नाही’ सांगितलं होतं.

“शाळा सोडलेल्या मुलांनी वर्ग कुठला लिहायचा, काका?” पुतणी हळूच म्हणाली.

वर्ग असेल तरच जोड, अशी एक ओळ घातली. पान भरलं. माझं सोडून अकरा पत्रं.

प्रश्न पुरा होण्याआधी हात वर करणारी एक मुलगी होती, आम्ही तिला उतावळी म्हणायचो. तिचं पत्र सात महिन्यांपूर्वीचं. ‘सर, पुढच्या मंगळवारी तुमच्या भागात आहे. दुपारी येऊ? इथेच कळवा. नाही कळवलंत तर सवड नाही असं समजेन.’ त्याखाली बुधवारचं दुसरं: ‘हरकत नाही, सर.’

त्या मंगळवारी मी घरीच होतो. सगळ्याच मंगळवारी असतो.

“मग, पान राहू दे ना?” पुतणीनं विचारलं.

“राहू दे. नंतर बोलतो, उत्तरं लिहायचीत.”

पहिलं उत्तर उतावळीला. ‘सवड होती. चूक स्क्रिप्टची, म्हणजे माझीच. कधीही ये.’ पाठवण्याआधी ती ओळ पुन्हा वाचली. कधीही ये म्हटलं की कोणी येत नाही. ‘कधीही’ खोडून तिथे ‘या मंगळवारी’ लिहिलं, आणि पाठवून दिलं.