दहावा दाखला

१९९४ सालच्या फेब्रुवारीत, गिर्यारोहण मोहिमेला अठरा दिवस उरले असताना, डॉक्टर इस्पितळाच्या एक्स-रे विभागात उभ्यानेच चहा पीत एकेका दाखल्यावर सही करत होता.

"बस की जरा," ताई म्हणाली.

"बसलं की दुखतं."

"आणि उभं राहिलं की?"

"तेव्हा लक्ष नसतं. अगं, अवकाशात गेल्यावर कणा लांबतो. माझी उंची दोन बोटं वाढली होती. आता ती परत बसतेय, एवढंच."

"चार वर्षं? अक्कलही वाढली असती तर बरं झालं असतं."

ताई त्याची थोरली बहीण. या विभागात तिची सव्वीस वर्षं गेली होती. अवकाशात सतरा दिवस राहून आल्यापासून भावाच्या पायाला भिंगरी लागली होती, हे तिने पाहिलं होतं. जेवताना तो मधेच उठायचा, खिडक्या उघडायचा, पुन्हा लावायचा. आता त्याला एका उंच शिखरावर जायचं होतं. तो एकोणपन्नासचा होता आणि पथकाचा प्रमुख पन्नाशीच्या पुढचा माणूस घेत नसे. म्हणजे हीच वेळ, नाहीतर कधीच नाही.

पथकाचा डॉक्टरही तोच. दहा जणांच्या प्रकृतीचे दाखले त्यानेच द्यायचे, दहावा स्वतःचा. यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. ताईला वाटलं होतं. सोमवारी नवं यंत्र तपासायचंय म्हणून तिने त्याला टेबलावर झोपवलं होतं. पाठ टेकताना त्याने दात आवळले, ते तिला दिसलं होतं.

तिने टेबलावरची फिल्म उचलून त्याच्यापुढे केली.

"ही बघ. मग जा."

त्याने चहाचा कप ठेवला, फिल्म दिव्याच्या चौकटीवर लावली आणि सवयीने कोपऱ्यातल्या नावावर अंगठा धरला. नाव वाचलं की डोळे नात्याने बघतात, असं तो शिकाऊ डॉक्टरांना सांगत असे.

"काय वय?"

"पन्नाशीच्या आतबाहेर."

"गादी संपलीय इथली. मणक्यावर मणका बसलाय. पायात मुंग्या येत असणार. लपवतोय का?"

"लपवतोय."

"आपल्या पथकातला? तो पुढे दोर बांधत जाणारा, दोरवाला?"

ताईने हातातल्या टॉवेलची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"कुणी का असेना. पाठीवर ओझं घेऊन चढला तर वरच पाय लुळे पडतील. त्याला उचलून आणताना आणखी दोघे जातील. घरी बसवा त्याला. मी सांगतो हवं तर."

"सांग."

त्याने अंगठा काढला.

खाली त्याचंच नाव होतं.

"फसवलंस," तो म्हणाला.

"हो. रागाव हवं तर."

तो खुर्चीत बसला. दुखलं तरी बसला. मग दहावा कागद ओढून त्याने लिहिलं, 'चढाईस अपात्र.' खाली नेहमीसारखीच सही केली, आणि कागद ताईकडे सरकवला.

"तूच दे त्यांना. मला नाही जमायचं."

त्या वर्षी नऊ जण गेले, सहा शिखरावर पोचले. प्रमुखाने पुढे डोंगर सोडले आणि गिर्यारोहणाच्या सामानाचं दुकान काढलं. पाठीची शस्त्रक्रिया झाल्यावर डॉक्टर बावन्नाव्या वर्षी दुसऱ्या पथकाबरोबर त्याच शिखरावर निघाला. या खेपेला त्याचा दाखला दुसऱ्या डॉक्टरने दिला होता. शिखर ऐंशी मीटरवर असताना, याही पथकात आलेल्या त्या दोरवाल्याच्या पायाची बोटं थंडीने काळी पडू लागली. डॉक्टर त्याला घेऊन खाली उतरला. बाकीच्यांनी वर काढलेल्या फोटोत तो नाही. त्यानंतर तो पुन्हा मोहिमेवर गेला नाही.

ताई निवृत्त झाली आणि सहा वर्षांपूर्वी वारली. दोरवाला आता एका शाळेत कसरत शिकवतो. रोज सकाळी मैदानात मुलांच्या पुढे अनवाणी धावतो.