घरच्यांचं पान

उभ्याने जेवणाऱ्या माणसाचा सरलाबाईंना मनापासून राग यायचा, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा गेला महिनाभर उभ्यानेच जेवत होता.

दुपारी यायचा, दुकानातल्या फ्रीजला खांदा टेकवायचा, पोळीची सुरळी करून भाजीत बुडवायचा आणि दुसऱ्या हातातला फोन डोळ्यांसमोर धरून बघत राहायचा. वाढू का म्हटलं तर "नको". बस म्हटलं तर "घाईत आहे". बैलसुद्धा दावणीला खाताना मान खाली घालतो. हा मान वर करून खायचा, कारण खाली बघितलं असतं तर समोर बुटकी आई दिसली असती.

"गावाने तुला नगरसेवक केलंय की पोस्टमन?" सरलाबाई म्हणायच्या. "आलास, टाकलंस, गेलास!"

चंद्रशेखर ओशाळं हसायचा आणि हात पुसत निघून जायचा. दाराची घंटी वाजली की सरलाबाई मघाशीच पुसलेला ओटा पुन्हा पुसायला घ्यायच्या.

दुकान होतं पोळीभाजीचं, मिशिगनमधल्या हॉलोवे नावाच्या बेताच्या गावात, मार्केट स्ट्रीटवर, बस डेपोच्या अंगाला. खाली दुकान, वर दोन खोल्या. नवरा गेल्यावर शेखरने त्यांना आपल्या नव्या वस्तीतल्या घरी नेलं होतं. घर दांडगं, पण बाहेर ना फुटपाथ, ना दुकान, ना माणूस. मीठ संपलं तरी सुनेच्या गाडीची वाट बघायची. सून नीना वाईट नव्हती, आणि तेच वाईट होतं. भांडायलासुद्धा कोणी नाही. एक अख्खा हिवाळा सरलाबाईंनी खिडकीतून बर्फ बघत काढला आणि बर्फ वितळल्यावर जाहीर केलं, "मला पाय आहेत. ते वापरता येतील अशा ठिकाणी मी राहणार."

मार्केट स्ट्रीटवर ते वापरता येत. औषधांचं दुकान चार पावलांवर. बस दारात. केस कापणारा म्हातारा रोज हात वर करून "गुड मॉर्निंग, सरला!" ओरडायचा. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला इथे कोणाला विचारल्याशिवाय कुठेही जाता येत होतं. दुकान हे निमित्त होतं. खरी कमाई ती होती.

आणि आता ह्याच जागेवर स्टेडियम येऊ घातलं होतं.

गावाची बेसबॉलची टीम होती, हेरन्स, म्हणजे बगळे. मोठ्या लीगमधली नव्हे, खालच्या पायरीवरची. पोरं इथे तयार व्हायची आणि मोठी झाली की निघून जायची. जुनं मैदान गळकं झालेलं. लीगने बजावलं होतं, नवं स्टेडियम बांधा, नाहीतर टीम दुसऱ्या गावाला नेतो. बांधायचं ह्यावर सगळ्यांचं एकमत होतं, पण कुठे बांधायचं ह्यावरून सख्खे शेजारी एकमेकांच्या गाडीकडे बघेनासे झाले होते. जागा दोन. एक नदीकाठची, ब्रेक बनवणाऱ्या बंद कारखान्याची, मोकळी पडलेली. दुसरी भर गावात, मार्केट स्ट्रीटवर, डेपो आणि त्याच्या आजूबाजूची दुकानं पाडून.

डबा न्यायला आलेली माणसंसुद्धा रांगेत भांडायची. वर्ध्याहून पीएचडी करायला आलेल्या यशोधनने एकदा फोनवर नकाशाच उघडून दाखवला.

"मावशी, हे बघा. तुमचं दुकान आहे ना, तिथे थर्ड बेस येतो."

"म्हणजे काय होतं?"

"म्हणजे पळत येऊन माणूस तिथे उभा राहतो."

"माझ्या तव्यावर?" सरलाबाई म्हणाल्या. "राहू दे उभा. भाजून निघेल."

सगळे हसले. सरलाबाईंनी त्या दिवशी आमटीत दोनदा मीठ घातलं.

गंमत अशी की शेखरचं मत त्यांना ठाऊक होतं. त्याची पहिली नोकरी त्याच ब्रेकच्या कारखान्यात झाली होती. गेल्या वर्षी पानगळीच्या दिवसांत तो त्यांना मुद्दाम तिथे घेऊन गेला होता. तेव्हा त्याच्या अंगात वारं भरलं होतं. सरलाबाईंची छत्री घेऊन त्याने तिच्या टोकाने चिखलात मैदान आखलं. "आई, इथे होम प्लेट, म्हणजे बॅटवाला इथे उभा राहणार. इथून नदी दिसणार. कोणाचं घर पाडायला नको, दुकान पाडायला नको. जमीन साफ करावी लागेल, पण तेही कधीतरी कोणीतरी करायलाच हवं ना?" बूट चिखलाने माखले, तरी हा आपला बेसवरून बेसवर पळून दाखवत होता. पन्नाशी उलटलेला माणूस!

मग कोणीतरी फेसबुकवर लिहिलं की मिस्टर चंद्रशेखर नदीकाठची जागा का म्हणतात? मार्केट स्ट्रीटवर त्यांच्या आईचं हॉटेल आहे, म्हणून.

तेव्हापासून तो उभ्याने जेवू लागला.

शहराच्या वकिलाने त्याला सांगितलं होतं, आई भाडेकरू आहे, मालक नाही. मत दे, नाहीतर बाजूला बस, दोन्ही चालेल. शेखर म्हणाला, मी पळणार नाही.

हे सगळं इलाने सांगितलं. इला ही शेखरची मुलगी. हेरन्सच्या पोरांचे दुखावलेले खांदे आणि गुडघे ठीक करण्याची तिची नोकरी, म्हणजे टीम गेली की नोकरीही गेली. सभेच्या दिवशी ती आजीला न्यायला आली तेव्हा सरलाबाई ठेवणीतलं पातळ नेसून, वर जाकीट चढवून केव्हाच्या तयार होत्या आणि दुकानात येरझाऱ्या घालत होत्या.

"आजी, प्लीज तू बोलू नकोस," इला म्हणाली. "तू बोललीस तर बाबा अजूनच स्टिफ होईल. यू नो हिम."

"मी त्याला जन्म दिलाय. तू मला सांगतेस तो कसा आहे?"

"मला आउट दिलं होतं त्याने, आठवतं?"

न आठवायला काय झालं? इला दहाएक वर्षांची असताना पोरींच्या सॉफ्टबॉलच्या सामन्यात आयांनी आणि बापांनी आळीपाळीने अंपायर व्हायचं असायचं. इला धुळीत लोळण घेत बेसला पोहोचली, चेंडू तिच्यानंतर आला, आणि तरी शेखरने मूठ वर केली. आउट! समोरच्या टीमची पोरगीसुद्धा चकित झाली. गाडीत इला हुंदके देत होती आणि शेखर म्हणत होता, "बेटा, लोक म्हणाले असते, बापाने वाचवलं."

"आय वॉज सेफ, आजी, आउट नव्हतेच मी," इला आज पुन्हा म्हणाली.

सरलाबाईंना आणखी मागचं आठवत होतं. कराडला नात्यातल्या एका बारशाला शेखर, एवढासा, पहिल्या पंगतीत जाऊन बसला, तेव्हा त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं होतं. घरच्यांनी शेवटी बसायचं, आधी पाहुणे. शेवटच्या पंगतीला श्रीखंड संपलं. पोराने नुसती पुरी खाल्ली आणि तोंडभर हसत सगळ्यांना सांगत सुटला, "मी घरचा आहे ना!" सगळ्या बायकांनी त्याचं कौतुक केलं. ते कौतुक त्याला श्रीखंडापेक्षा गोड लागलं होतं.

सभागृह तुडुंब भरलं होतं. टोप्या घातलेली माणसं, पाट्या धरलेली माणसं, आणि मागच्या रांगेत हेरन्सचा पक्षी होऊन नाचणारा इसम, बगळ्याचं डोकं काढून मांडीवर घेऊन बसलेला. वर व्यासपीठावर सात जण. सहा जणांची मतं गावाला पाठ होती, इकडे तीन, तिकडे तीन. सातवा शेखर. तो समोरचं पाणी पुन्हा पुन्हा पीत होता.

बेकरीवाला बोलला, शाळेतली बाई बोलली, एक माणूस टीमच्या टोपीवर हात ठेवून रडवेला झाला. एका बाईने विचारलं, डेपो पाडलात तर बस कुठे थांबणार? व्यासपीठावरून उत्तर आलं, त्याचा अभ्यास चालू आहे. सरलाबाईंना इंग्रजी तुटक कळायचं, पण बस हा शब्द कळला आणि उत्तर देणाऱ्याची खाली गेलेली नजरही कळली. त्या उठल्या.

"आजी..."

"चल. मी बोलते, तू सांग."

माइक त्यांच्या कपाळाच्या वर होता. इलाने तो वाकवला.

"मी सरला. मार्केट स्ट्रीटवर पोळ्या करते," त्या म्हणाल्या. "दुकान वाचवा म्हणायला आले नाही. दुकान भाड्याचं आहे. गावाला ती जागा हवी असेल तर गावाने घ्यावी, मी बोचकं बांधीन. मी एवढंच सांगायला आले, की गेल्या वर्षी ह्या माझ्या मुलाने मला नदीकाठी नेलं आणि माझ्या छत्रीने चिखलात अख्खं मैदान काढून दाखवलं. तेव्हा त्याला कोणी विचारलं नव्हतं, तुझी आई कुठे राहते. त्या दिवशी त्याला काय वाटत होतं ते त्याला विचारा, आणि तेच त्याचं मत धरा."

इलाने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी टाळ्या वाजवल्या. मग मागून कोणीतरी लहान मुलाच्या आवाजात ओरडलं, "मॉमी सेज सो!" आणि हशा पिकला.

शेखरचे कान लाल झाले. ते कान सरलाबाईंना चांगले ओळखीचे होते. त्यांनी इलाचं मनगट घट्ट धरलं.

अध्यक्षीणबाईंनी एकेकाचं मत विचारलं. इकडे तीन, तिकडे तीन. मग शेखरने माइक जवळ ओढला. आईकडे न बघता, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत तो बोलला. इला अडखळत कानात सांगत होती. "तो म्हणतो... त्याच्या घरच्यांमुळे ह्या शहराचं नुकसान झालं असं तो कोणाला म्हणू देणार नाही. आजी, तो... मार्केट स्ट्रीट."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कालपर्यंत त्याच्यावर चिखल उडवणारी माणसंसुद्धा उठून उभी राहिली. एक जाडजूड गृहस्थ व्यासपीठापर्यंत गेला आणि त्याने शेखरचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. शेखर हसला. सरलाबाईंनी ते हसू बघितलं. नुसती पुरी खाऊन हसणारं तेच तोंड होतं ते, फक्त आता पिकलेल्या मिशीचं.

बाहेर अजून उजेड होता. पायऱ्यांवर टोपीवाले एकमेकांना टाळ्या देत होते, पक्ष्याचं डोकं पुन्हा चढलं होतं आणि त्याच्याबरोबर फोटो काढणं चाललं होतं. सरलाबाई थांबल्या नाहीत. त्या थेट बसच्या खांबाकडे चालू लागल्या. शेखर मागून धावत आला.

"आई, थांब ना. मी सोडतो तुला."

"कुठे सोडतोस?"

"घरी. म्हणजे... लगेच काही पाडणार नाहीत. आणि नंतर तू आमच्याकडेच ये ना. नीनाने बागेकडची खोली मोकळी केलीय. मोठी खिडकी आहे."

"खिडकी मला माहीत आहे. एक हिवाळा तिच्यातून बघितलंय मी."

"आई, समजून घे. मी दुसरं काही केलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

"डॅड, जस्ट स्टॉप," इला म्हणाली. ती रडत होती.

बस वळणावर दिसली. सरलाबाईंनी पर्समधून पास काढून मुठीत धरला आणि महिनाभरात पहिल्यांदाच मुलाचं तोंड त्यांना समोरासमोर सापडलं. त्यांनी आवाज चढवला नाही. पण पायऱ्यांवरचे टोपीवाले वळून बघू लागले.

"शेखर, घरच्यांनी शेवटच्या पंगतीला बसायचं हे मीच तुला शिकवलं. बसले असते रे मी, वाट बघत. पण तू माझं पानच उचललंस, आणि वर धरून सगळ्यांना दाखवलंस, बघा, मी घरच्यांना कसा वाढत नाही! पोरीला आउट दिलंस तेव्हाही तेच केलंस. तिथे ती सेफ होती, आणि नदीकाठची जागा बरोबर होती, हे तुला दोन्ही वेळा दिसत होतं. लोक तुला आज प्रामाणिक म्हणतायत, म्हणू देत. मी तुझी आई आहे, मी सांगते. तू प्रामाणिक नाहीस. तू भित्रा आहेस."