सातव्या किल्ल्याचं दार

मित्रांनो, राज्यं आली नि गेली, पण सात किल्ले पोटात बाळगून बसलेला बादशहा या नागपुरात मी एकटाच. सध्या माझा मुक्काम माळ्यावर, पापडाच्या डब्याखाली असतो.

मी एक जुना, टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आहे. प्रेमानंदने आपल्या दोन लेकरांसाठी जरीपटक्याच्या बाजारातून मला आणलं तेव्हा मी पांढराशुभ्र होतो. आता वरणासारखा पिवळा आहे. माझ्यात एक छत्रीवाला शिपाई राहतो. त्याने सहा किल्ले सर करून सातव्याचं दार उघडायचं, एवढाच खेळ. दारामागे काय आहे ते दाखवायलाच माझा जन्म झाला. ते अजून कुणीही पाहिलेलं नाही.

एक तर बंद झालो की मी खेळ विसरतो. पुन्हा पहिल्या किल्ल्यापासून सुरुवात. दुसरं म्हणजे या घरात मला फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत कपाटाबाहेर काढत, आणि उन्हाळ्यात नागपुरात खोलीचा मालक माणूस नसतो, कूलर असतो. खोलीत बोर्ड एकच. कूलर, टीव्ही आणि मी, तिघं एकाच बटणावर. आणि घरचा नियम असा, की लोखंडी कूलरमध्ये पाणी भरायचं तर आधी बोर्ड बंद.

धम्मानंद आणि त्याची बहीण रोशनी सातव्या किल्ल्यात पोचले, की कूलरची टाकी आटलीच म्हणून समजा. त्यांची आई तुळसाबाई बादली घेऊन हजर.

"बटन बंद कर गा धम्मा."

"थांब न वं आई, दारच आलं."

"करंट लागला तं येईन काय तो शिपाई मले सोडवाले?"

टक्. शिपाई छत्रीसकट नाहीसा. मग उडी कुणी चुकवली यावरून भावंडांची जुंपायची. वर्षानुवर्षं हेच. माझा संताप विचारू नका. ज्याला आवाजच टूं-टूं एवढा दिलाय, त्याने संतापायचं तरी कसं?

मुलं मोठी झाली. रोशनी कळमेश्वरला नांदायला गेली, धम्मानंदचे केस गेले. यंदा मे महिन्यात ती माहेरी आली आणि दोघांनी मला खाली काढलं. नव्या टीव्हीला माझ्या वायरीची भोकं शोधण्यातच निम्मी दुपार गेली. पण बोटं काही विसरली नव्हती. किल्ले भराभर पडले. तुळसाबाईसुद्धा खुर्ची ओढून बसली. म्हणाली, "त्या दारामांगं हाय तरी काय, पाहू तं दे एकदाचं."

शिपाई सातव्या दारापाशी पोचला. कूलर कोरडी, गरम हवा फेकू लागला. कुणी हललं नाही. नाकावरून घाम टपकला, तरी हललं नाही. मित्रांनो, मी कड्या काढायला घेतल्या होत्या.

एवढ्यात धम्मानंदच्या लेकीने, रितिकाने, सगळ्यांना उकडतंय म्हणून गुपचूप भरलेली बादली उचलली आणि ती कूलरकडे निघाली.

धम्मानंदने जॉयस्टिक फेकली आणि एका उडीत बोर्ड गाठला. टक्.

रोशनी भावाशी भांडेल अशी मला आशा होती. ती उठून रितिकाला बादली धरू लागली. तुळसाबाई लेकाला एवढंच म्हणाली, "आता कळलं तुले?"

वैताग याचा, की मलाही कळलं. आता धड चिडायचीही सोय उरली नाही.

भावंडांना जपा, जुन्या खेळण्यांना जपा, असं बरंच काही सांगायचं ठरवलं होतं. ते राहू द्या. खेळायला बसण्याआधी कूलर तेवढा काठोकाठ भरून घेत जा.