कोमट बाटल्या

"अहो, धरा नीट! सुई निसटली असती आत्ता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तशी टोचेकाकांनी पिल्लाच्या पायावरची पकड घट्ट केली. एरवी त्यांना असं कुणी सांगावं लागत नसे. जनावरांच्या या दवाखान्यात ड्रेसर म्हणून त्यांची एकोणतीस वर्षं गेली होती. घोड्यापासून बोक्यापर्यंत सगळ्यांना त्यांनी धरलं होतं, टोचलं होतं. त्यांचं खरं नाव आता पगारपत्रकापुरतंच उरलं होतं.

पण आज त्यांचं लक्ष सुईकडे नव्हतंच. टेबलाच्या कडेला पडलेल्या लशीच्या पिवळ्या कार्डाकडे होतं.

कुत्र्याचं ते पिल्लू मागच्या गल्लीतल्या शिंप्याचं. कालपासून ओकत होतं आणि सकाळपासून रक्ताची हागवण लागली होती. तो वास टोचेकाकांना दारातूनच ओळखू आला होता. शिंपी हातातलं काम टाकून तसाच आला होता. सदऱ्याला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, गळ्यात मोजपट्टी.

"शिबिरात लस दिलीय की याला," तो म्हणाला. "तुम्हीच टोचलंत, काका. दोनदा घरी येऊन बजावून गेलात, उन्हाळा उतरायच्या आत लस घ्या, नंतर हा रोग फार पसरतो म्हणून. मग झालं कसं?"

"बाई बघतायत ना," टोचेकाका पुटपुटले.

"वाचेल ना पण? आईचं बोलणं गेलंय हो लकव्याच्या झटक्यानंतर. आमच्याशी चकार शब्द नाही. याला तेवढं 'ये' म्हणते. दिवसातून दहा वेळा म्हणते."

डॉक्टरीणबाईंनी सलाईनचा वेग कमी केला. परवापासून आलेलं हे पाचवं पिल्लू होतं. पाचही जणांकडे पिवळं कार्ड होतं, आणि पाचही कार्डांवर टोचेकाकांची सही.

दुसरी बाटली आणायचं निमित्त करून ते मागच्या खोलीत गेले. फ्रिज घुंघुं करत होता. तीन आठवडे जी गोष्ट त्यांनी मनात येऊ दिली नव्हती, ती आता येऊन समोरच उभी राहिली.

शिबिराची कल्पना त्यांचीच. लोक जनावर मरायला टेकल्यावर दवाखान्याची पायरी चढतात, त्यापेक्षा उन्हाळ्यातच सगळ्यांना एकदा बोलवून घेऊ, असं त्यांनी आधीच्या तीन डॉक्टरांना सांगून पाहिलं होतं. या नव्या बाईंनी ऐकलं. मग टोचेकाका दारोदार फिरले. शाळेनं पटांगण दिलं, सुतारानं बाकं दिली. एवढ्या वर्षांत आपल्या शब्दावर चार माणसं गोळा होतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं होतं.

शिबिराच्या आदल्या दिवशी दुपारी एक मांजर आणलं कुणीतरी. पत्र्याच्या खोलीत कोंडलं गेलेलं, जीभ बाहेर, अंग भाजून निघालेलं. डॉक्टरीणबाई पटांगणावर मांडवाच्या गडबडीत होत्या. मागच्या खोलीत चालू सॉकेट एकच, म्हणून टोचेकाकांनी फ्रिजचा प्लग काढला आणि पंखा लावला. ओली फडकी घातली, तळपाय भिजवले, चमच्यानं पाणी पाजलं. संध्याकाळी मांजर उठून चालायला लागलं, तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की दिवे मालवून, कुलूप घालून ते शीळ वाजवत घरी गेले.

सकाळी फ्रिज उघडला तर खालच्या फळीवर पाणी साचलेलं. लशीच्या बाटल्या हाताला कोमट लागल्या. पटांगणावर रांग लागली होती, पोरंटोरं जनावरं कडेवर घेऊन उभी होती. कुणी पाहिलं नव्हतं. एका रात्रीनं काय होतंय, असं म्हणून त्यांनी प्लग लावला. बाटल्या बर्फाच्या डब्यात भरल्या आणि दुपारपर्यंत त्रेसष्ट जनावरांना टोचलं.

आज दुपारी ते जेवायला घरी गेले, पण ताटातलं नुसतं चिवडत बसले. बायकोनं खोदून विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

तिनं त्यांच्या ताटावर झाकण घातलं. मग म्हणाली, "दीड वर्ष राहिलंय नोकरीचं. आत्ताच कशाला तोंड उघडताय? लस देऊनही आजार होतो काही जणांना, तुम्हीच सांगता की."

"होतो. एखाद्याला होतो."

"मग? तुम्ही काय मुद्दाम केलंत?"

"प्लग मुद्दाम नाही काढला," ते म्हणाले. "टोचलं मात्र मुद्दाम."

परत आले तोवर शिंपी पिल्लाला सलाईनवर ठेवून घरी परतला होता आणि पिल्लू गेलं होतं. मान अजून गरम होती. टोचेकाकांनी त्याचं अंग पुसलं, स्वच्छ कापडात गुंडाळलं आणि मगच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत जाऊन उभे राहिले. उभ्याउभ्याच त्यांनी सांगितलं.

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "मला त्याच सकाळी का नाही सांगितलंत?"

"रांग लागली होती."

"रांग परत पाठवली असती मी! फार तर लोक मला शिव्या घालून गेले असते!"

बाई खिडकीशी गेल्या, परत आल्या. "मला वर कळवावं लागेल. तुमचं काय होईल, सांगता येत नाही. नवी लस परवापर्यंत मागवते. जी अजून ठणठणीत आहेत ती तरी वाचतील. पण त्यांच्या मालकांना सांगणार कोण?"

"मी सांगतो. घरं मला माहितीयत."

"काय सांगाल? लस पुन्हा घ्यायचीय, एवढंच सांगितलं तरी चालेल."

"तेवढ्यावर नाही यायचे ते, बाई. एकदा टोचलंय, पुन्हा कशाला, म्हणतील. खरं सांगितलं तर घाबरून तरी येतील."

ते रजिस्टर काखेत मारून निघाले आणि आधी शिंप्याकडे गेले. पिल्लाची बातमी तिथं आधीच पोचली होती. शिंपी यंत्रापुढे नुसता बसून होता. टोचेकाकांनी सगळं सांगितलं. शिंप्यानं मोजपट्टी गळ्यातून काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली.

"मला सांगून काय उपयोग?" तो शेवटी म्हणाला. "आत जा. तिला सांगा. माझ्यात नाही ताकद."

आतल्या खोलीत म्हातारी उशीला टेकून बसली होती. टोचेकाका तिच्या पलंगाशी खाली बसले. "आजी, तुमचं पिल्लू गेलं. माझ्या हातून चूक झाली. लस खराब झालीय हे मला कळलं होतं, तरी मी टोचली."

म्हातारी त्यांच्याकडे पाहत राहिली. ओठ हलले. "ये," ती दाराकडे बघून म्हणाली. थोडं थांबून पुन्हा म्हणाली, "ये." मग तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्रेसष्टच्या त्रेसष्ट घरं केली. कुणी दार लावून घेतलं. कुणी चारचौघांत आईबाप काढले. एका निवृत्त मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि म्हणाले, "मी तुमच्या जागी असतो तर नसतो आलो. पण तुम्हाला माफही नाही करणार." त्यांच्या कुत्रीनं सकाळीच खाणं सोडलं होतं.

तिसऱ्या दिवसापर्यंत चार जनावरं दगावली होती. लस आली. त्रेसष्टपैकी चव्वेचाळीस जण आले. पटांगण नाही, मांडव नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यातच रांग होती, आणि रांगेत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. टोचेकाका सवयीनं टेबलाशी उभे राहिले. पहिली बाई पिल्लू घेऊन पुढे आली आणि तिनं ते छातीशी घट्ट धरलं.

"यांनी नको हात लावायला," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली. "मी धरते माझं."

डॉक्टरीणबाईंनी टोचेकाकांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि ते मागच्या दारानं बाहेर जाऊन पायरीवर बसले. ऊन अजून उतरलं नव्हतं.

भिंतीपलीकडून एकेकाचं नाव ऐकू येत होतं. मग कुणाचं तरी पिल्लू जोरात कळवळलं, धडपडल्याचा आवाज आला, "अगं, धर, धर!" कुणीतरी ओरडलं. टोचेकाकांचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, एक मानेखाली, एक पोटाखाली, आणि तसेच थोडा वेळ हवेत राहिले. आतला आवाज थांबला. मग त्यांनी हात मांडीवर ठेवले आणि पुढच्या नावाची वाट पाहत बसून राहिले.